मीटर मुकं होतं तिथे

आमच्या भाऊजींना वर्कशॉपमध्ये कुणी नावाने हाक मारत नाही. 'हात' म्हणतात. "हात आले का?" "ही गाडी आधी हाताला दाखवा." महागड्या गाड्यांच्या रंगाला पॉलिश करायचं त्यांचं काम. बाकीचे लोक खरवडतात, घासतात, धुतात. शेवटचा हात मात्र भाऊजींचा. सव्वीस वर्षं हेच. लग्न केलं नाही, आमच्याच घरी मागच्या खोलीत राहतात. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि अंगठी-घड्याळ ठेवायची रिकामी वाटी. वाटी का, तर कामाला निघताना अंगावरची प्रत्येक टणक वस्तू काढून ठेवायची. पट्ट्याचं बक्कल, शर्टाचं बटण, काहीही रंगावर ओरखडा काढतं. पण अंगठी त्यांच्याकडे नव्हतीच कधी, आणि घड्याळ दहा वर्षांपूर्वी बंद पडलं. वाटी तशीच आहे.

घरी कुणी पाहुणा आला की त्यांना एकच प्रश्न विचारतो. "काय हो, स्पोर्ट्स कार आणि सुपरकार यांत फरक काय?" आमचे हे मध्येच तोंड घालतात, "एक शेजाऱ्याला दिसते, दुसरी फक्त फोटोत दिसते." कुणी वेग सांगतं, कुणी किंमत, कुणी म्हणतं कंपनीने मोजक्याच बनवल्या की सुपरकार. भाऊजी सगळं ऐकून घेतात. मग चहाचा कप खाली ठेवून सांगतात, "रंग किती जाड उरलाय ते मोजायचं एक छोटं मीटर असतं. स्पोर्ट्स कारचं अंग बहुधा लोखंडाचं नाहीतर ॲल्युमिनियमचं. मीटर टेकवलं की आकडा येतो, त्या आकड्यावर काम चालतं. खऱ्या सुपरकारचं अंग कार्बनच्या धाग्यांचं. तिथे आमचं मीटर मुकं. शिवाय धातूत उष्णता पसरते, कार्बनमध्ये पॉलिशच्या मशीनखाली जागच्या जागी साठते. दोन फेऱ्या जास्त झाल्या की रंग करपला. म्हणून किती तापलंय ते बघायला दर थोड्या वेळाने बोटं उलटी करून टेकवायची. जिथे मीटर संपतं आणि बोटं लागतात, ती सुपरकार."

एकदा आमच्या एका पुतण्याने त्यांना अडवलं. "काका, काही स्पोर्ट्स कारचं बॉनेटही कार्बनचं असतं."

"मग ती तेवढ्या बॉनेटपुरती सुपरकार," भाऊजी म्हणाले. सगळे हसले. ते हसले नाहीत. त्यांच्यासाठी तो विनोद नव्हता.

गेल्या वर्षी एका सकाळी मी कढईवरचं झाकण काढायला फडकं शोधत होते. भाऊजींनी पुढे होऊन ते झाकण उघड्या हाताने उचललं, बाजूला ठेवलं आणि बोलत राहिले. दुपारी त्यांच्या बोटांवर दोन फोड आले होते. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. त्यानंतर मी बघायला लागले. त्यांनी बटणांचे शर्ट सोडून गळ्यातून घालायचे सदरे वापरायला घेतले होते. किल्ली कुलपाच्या भोकात नजरेने लावत होते. नळाखाली हात धरून पाणी थंड आहे की गरम हे वाफेकडे बघून ठरवत होते.

"भाऊजी, डॉक्टरकडे जाऊन आलात ना?" मी एके दिवशी सरळ विचारलं.

"दोन महिन्यांपूर्वी." जणू बँकेत जाऊन आल्यासारखं त्यांनी सांगितलं. "मशीनची थरथर. सव्वीस वर्षांची. बोटांच्या शिरा गेल्यात म्हणाले, परत यायच्या नाहीत. मशीन सोडा म्हणाले."

"मग?"

"मग काय? वहिनी, मशीन सोडलं तर मी तिथे कोण? एवढं दादाला सांगू नका."

मी यांना सांगितलं नाही. उलट शहाणपणा केला. म्हटलं, आम्ही बाळाच्या दुधाची बाटली मनगटावर तपासतो. बोटाला कळत नाही ते मनगटाच्या आतल्या बाजूला कळतं. भाऊजींनी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी कामाच्या सदऱ्याच्या बाहीचं इलॅस्टिक सैल केलं, मनगट उघडं करता यावं म्हणून. चार महिने निभावलं. मला आपण फार मोठी अक्कल चालवल्यासारखं वाटत होतं.

मग पिवळी गाडी आली. पहिल्यापासून शेवटपर्यंत कार्बनची. आठ दिवस भाऊजींच्या तोंडी तिच्याशिवाय विषय नव्हता, म्हणजे दिवसाकाठी दोन वाक्यं. शेवटच्या दिवशी ते डबा विसरले म्हणून मी तो घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. लांबट खोली, छताला ट्यूबलाइटच्या रांगा, जमीन ओली. मशीन बंद होतं. भाऊजी मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. चाकावरच्या कडेला नखाएवढा डाग होता. पांढुरका, कोरडा, आरशावर वाफ बसावी तसा. फडक्याने पुसला तर जाईल असं वाटत होतं. ते पुसत नव्हते.

"मनगट सांगतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण उशिरा सांगतं. बोट आधी सांगायचं."

 मी डबा तसाच धरून वाकून डाग बघितला.

"कडेला आहे," मी हळूच म्हटलं. "बघणाऱ्याला दिसणार नाही."

"मला दिसतोय."

त्यांनीच वर्कशॉपच्या मालकांना हाक मारली. मालक आले, वाकले, दिवा तिरपा धरला. "कुणी केलं हे?"

"मी."

"चेष्टा करू नका. 'हाता'कडून करपत नसतो रंग."

भाऊजींनी हात पुढे केला. "टाचणी टोचा."

मालकांनी टाचणी टोचली नाही. त्यांनी तो हात उलटा करून दिव्याखाली धरला. मग म्हणाले, "कधीपासून?" भाऊजींनी सांगितलं. माझ्या मनगटाच्या युक्तीचं मात्र सांगितलं नाही. मी डबा धरून उभी होते, आणि मीही सांगितलं नाही.

पिवळ्या गाडीचा तो भाग पुन्हा रंगवला. भाऊजींना मालकांनी काढलं नाही, पुढच्या काउंटरवर बसवलं. गाडी आली की मीटर टेकवायचं, आकडा वहीत लिहायचा. मीटर मुकं राहिलं की गाडी आत पाठवायची, तिथे आता दुसऱ्या कुणाचा तरी शेवटचा हात असतो. सगळे अजून त्यांना 'हात'च म्हणतात. सवयीने.

"वाईट वाटतं का हो?" मी परवा विचारलं.

त्यांनी खरंच विचार केला. "वाटत असेल," म्हणाले. "कळत नाही."

मी चहा पुढे ठेवला. पूर्वी ते कपाला बोट लावायचे आणि उचलायचे. आता कपाकडे बघत बसतात.

"वहिनी, गरम आहे का?"

मी कपाला हात लावून बघितलं.

"आहे. दोन मिनिटं थांबा."

ते थांबले.