सात मण उजवीकडे

आमच्या खात्याला फिरतीसाठी चाकांवरचं घर मिळालं, तेव्हा साहेबांनी त्याला हार घातला आणि ड्रायव्हरने ते वजन करायला धर्मकाट्यावर नेलं. दोघांच्याही मते हेच पहिलं काम होतं.

ट्रकच्या सांगाड्यावर जयपुरातच बांधलेलं ते घर. पलंग, शिसवी टेबल, तिजोरी आणि साहेबांच्या आंघोळीसाठी पाण्याची टाकी. दार डावीकडे होतं. आत येणाऱ्याला सगळा थाट एकदम समोर दिसावा म्हणून साहेबांनी सगळं उजव्या भिंतीला लावून घेतलं होतं. धान्यबाजारातल्या काट्यावर ड्रायव्हरने आधी पुढची चाकं चढवली, मग मागची, मग एकेक बाजू. काटा किलोत होता. ड्रायव्हर बोलला मणांत.

"बाबूजी, दाहिनी तरफ सात मन ज़्यादा है. टंकी पूरी भरो या पूरी खाली रखो. आधी रही तो घाट के मोड़ पर पानी दौड़ेगा, और गाड़ी पानी के पीछे."

टाकी पूर्ण भरायची नाहीतर रिकामी ठेवायची, हे मी साहेबांना सांगितलं.

"अहो, तो काटा बाजरीचा," ते म्हणाले. "निम्मं पाणी काढा. झालं वजन कमी."

वर पहिल्या फेरीला घरच्यांना आणायचा आग्रह. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी बायकोला आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन आलो.

आग्रा रस्त्यावर घाट उतरायच्या आधी ड्रायव्हरने गाडी थांबवली. तोवर प्रत्येक वळणाला अर्ध्या भरलेल्या टाकीत धप्प आवाज होत होता आणि त्याच्यामागून सगळं घर कलत होतं. गाड्या का कलंडतात हे मी पुस्तकात वाचलं होतं; पुस्तकात तो धप्प आवाज नव्हता. बायको मुलीला डाव्या भिंतीकडे ओढून बसली होती.

मी मागे गेलो आणि टाकीचा नळ सोडला. भर वैशाखात साहेबांचं पाणी मी रस्त्यावर ओतत होतो.

"का थांबलो?" आतून साहेबांनी विचारलं.

"इंजन गरम है, साहब," ड्रायव्हर म्हणाला.

दहा मिनिटं झाली तरी पाणी संपेना. अखेर संपलं.

उतरताना आवाज नव्हता, झुकणं होतंच. आम्ही तिघं डाव्या भिंतीला चिकटून. साहेबांनी पलंगावर बसून बिस्किटांचा डबा उघडला. "ये ग छकुली, इकडे माझ्याजवळ."

ती उठली. मी तिचा फ्रॉक मागून धरला.

"येऊ द्या हो तिला."

"नको, साहेब."

त्यांना मी पहिल्यांदाच नको म्हटलं. तिच्या चौदा किलोंनी काही होणार नव्हतं; एवढं गणित मला येत होतं. पण खिडकीत दरी होती आणि मूठ उघडेना.

खाली सपाटीला गाडी थांबली. साहेब हात धुवायला गेले. नळ कोरडा.

"पाणी कुठं गेलं?"

"घाट पी गया, साहब," ड्रायव्हर म्हणाला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आता सोडा ना मला."