समुद्राने परत केलेला नारळ

आमच्या श्रीलंकेच्या सहलीची सुरुवात नारळाच्या जप्तीने झाली. इंदूरच्या विमानतळावर सामान तपासताना माझ्या मैत्रिणीच्या, शैलाच्या पिशवीतून लाल कापडात गुंडाळलेला शेंडीवाला नारळ निघाला. तपासणारा तरुण नम्रपणे म्हणाला, "आंटीजी, ये अंदर नहीं जाएगा."

"अरे भिया, नारियल से कौन प्लेन भगा के ले जाता है?" शैलाने विचारलं.

मी तिच्या पायावर पाय दिला. मागच्या रांगेत खसखस पिकली, नारळ मात्र तिथेच राहिला.

"नारळाच्या देशात नारळ घेऊन निघालेली तू पहिलीच," मी म्हणाले.

"पूजेचा होता यार तो. एवढ्या मोठ्या पाण्याकडे काय हात हलवत जायचं?"

शैला आणि मी एकाच शाळेतून निवृत्त झालो. ती चित्रकला शिकवायची, मी गणित. इंदूरच्या लोकमान्य नगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी लग्न केलं नाही आणि तिचे यजमान गेले, त्यामुळे सकाळचा चहा तिच्याकडे आणि संध्याकाळचा माझ्याकडे हा आमचा संसार. आता तिचा मुलगा समीर तिला ऑस्ट्रेलियात, नातीजवळ, कायमचं बोलवत होता. शैला ना हो म्हणे, ना नाही. शेवटी तिने त्याला सांगितलं, "सात समुद्र पार ये म्हणतोस, मी तर अजून एक पण नाही पाहिला रे. आधी बघू दे, मग सांगते."

खरंच पाहिला नव्हता. माळव्यातल्या आम्हा लोकांचं मोठं पाणी म्हणजे खेडीघाटची नर्मदा. म्हणून ही सहल ठरली. समुद्र पाहायचा आणि त्याच दिवशी समीरला फोन करून काय ते सांगायचं. मी त्या विषयात तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. "नको जाऊस" हे दोनच शब्द मला बोलायचे होते आणि तेच गिळून मी विमानात बसले.

निगोंबो हे कोळ्यांचं गाव विमानतळापासून जवळच आहे. टॅक्सीवाल्याने वाटेत "सी, मॅडम, सी!" म्हणून बोट दाखवलं, तेव्हा शैलाने ओढणी डोळ्यांवर घेतली. तिला समुद्र असा खिडकीतून, येता-जाता बघायचा नव्हता.

आमचं गेस्ट हाऊस किनाऱ्यापासून एक गल्ली आत होतं. मालकीणबाईंनी न्याहारीला इंदिआप्पा (तांदळाच्या शेवयांच्या वाफवलेल्या चकत्या) आणि पोल संबोल (ओल्या नारळाची लालभडक चटणी) वाढलं. चव झकास, पण इंदूरच्या माणसाला कशावरही शेव घातल्याशिवाय ते खाल्ल्यासारखं वाटत नाही. शैलाने पिशवीतून लोंगेची (लवंगेची) शेव काढली, जीरावन (आमच्या पोह्यांवरचा मसाला) काढलं आणि तिन्ही ताटांवर सढळ हाताने भुरभुरलं. मालकीणबाईंनी आधी संशयाने चाखलं, मग ताट पुढे करून आणखी मागितलं.

"पण इथे ट्रक फार जातात हो," खाता खाता शैला म्हणाली. "आवाज बंदच नाही होत. बायपासवर राहिल्यासारखं वाटतंय."

"शैले, तो समुद्र आहे."

ती घास तसाच हातात धरून ऐकत राहिली. मग लगबगीने हात धुतले आणि म्हणाली, "चल. पहले नारियल घेऊ."

कोपऱ्यावरच्या दुकानात नारळांचा ढीग होता. शैलाने वाजवून, हलवून, शेंडी बघून त्यातला एक निवडला. दुकानदाराला वाटलं आम्हाला चटणी करायची आहे, त्याने फोडायला कोयता उचलला. आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

किनाऱ्यावर मी तिला आंधळ्या कोशिंबिरीसारखं हाताला धरून नेलं. वाळूत चटयांवर मासे वाळत घातले होते. दोघी पक्क्या शाकाहारी, तेव्हा मी नाकाला रुमाल लावला आणि तिने डोळ्यांवरची ओढणी नाकावरही घेतली. पाण्याजवळ थांबून मी म्हणाले, "उघड."

शैलाने डोळे उघडले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, टाचा उंचावून समोर पाहिलं.

"अगं, याला पलीकडचा काठच नाही," ती म्हणाली.

खेडीघाटला उभं राहिलं की समोरचा काठ दिसतो, तिथली माणसं दिसतात. शैला तोच शोधत होती.

मग तिने घाटाच्या पायरीवर काढाव्यात तशा चपला पाण्याच्या कडेला काढल्या, हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि नारळ अलगद पाण्यात सोडला. नर्मदेत सोडलेला नारळ डुलत डुलत आपला निघून जातो. हा दोन हात गेला, लाटेने त्याला उचललं आणि आणून शैलाच्या पायाशी ठेवला. परत जाताना लाट तिची एक चप्पल घेऊन गेली.

"काय माणूस आहे!" मी म्हणाले. "दिलेलं घेत नाही आणि न दिलेलं पळवतो."

पण शैला हसली नाही. तिने नारळ उचलून पुन्हा सोडला, जरा जोराने. तो पुन्हा आला.

एवढ्यात मासे वाळवणारी एक बाई तिची चप्पल घेऊन आली. ती पुढे कुठेतरी किनाऱ्याला लागली होती. "इंडिया?" तिने विचारलं. "चिल्ड्रन?"

"वन सन. ऑस्ट्रेलिया," शैला म्हणाली.

"माय सन, इटली," बाई म्हणाली, आणि समुद्राकडे हात केला. तिघी थोडा वेळ तिकडेच बघत उभ्या राहिलो. मग ती आपल्या माशांकडे गेली.

"कौल लावलाय मी," शैला हळूच म्हणाली. "नारळ नेला तर जाते समीरकडे. परत दिला तर इंदूर."

दोनदा परत आला होता! मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. समुद्र माझ्या बाजूने होता. मला एक शब्दही बोलावा लागला नव्हता.

आणि मग शैला तिसऱ्यांदा निघाली. नर्मदेतसुद्धा घाटाची साखळी धरल्याशिवाय न उतरणारी ही बाई सलवार भिजवत गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरली, हात मागे नेला आणि अंगातलं सगळं बळ लावून तिने तो नारळ लांब भिरकावला. फेकल्यावर लाटेने तिला बसवलं, तरी तिची नजर नारळावरून हलली नाही. तो परत येऊ लागला तसा तिचा चेहरा पडत गेला.

जिला जायचं नाही, ती बाई एवढ्या जोराने नारळ फेकत नाही.

नारळ माझ्याच पायाशी आला. मी तो घेतला आणि शेजारच्या दगडावर आपटून फोडला.

"अगं, काय करतेस!" शैला निथळत धावत आली.

"प्रसाद. नदीचा कौल समुद्राला लावतात का कधी, येडे? तो सगळ्यांचंच परत करतो." मी तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "तुझं काय ते तू सांग."

ती चावत राहिली आणि रडत राहिली. "नातीला चित्रं शिकवायचीत गं मला," ती म्हणाली. "पण तुझा संध्याकाळचा चहा?"

"मी करेन ना माझा. गणिताची बाई आहे, दोनातून एक वजा करता येतो मला."

हे बोलले, आणि मलाच रडू आलं. ओल्या वाळूत बसून आम्ही दोघींनी समीरला फोन लावला.

शैला जाऊन आता बरेच दिवस झाले. तिथे तिच्या घराजवळ समुद्र आहे. माझ्या संध्याकाळच्या चहाच्या वेळी ती तिथून फोन करते. मागून ट्रक गेल्यासारखा तो आवाज येतो आणि मी दुसरा कप मांडलेला असतो.