शेजारणीचा कुलवृत्तांत

शनिवार, १५ ऑक्टोबर २०१६, पामर्स्टन नॉर्थ, न्यूझीलंड. हजर: शेजारच्या आजी, त्या दिवशी पंचाहत्तर पूर्ण, त्यांचे थोरले भाऊ, आजींच्या दोन मुली, मी आणि माझा नवरा. केक मुलींकडे, चकल्या माझ्याकडे. भेटवस्तूचं कामही मीच मागून घेतलेलं.

भेट म्हणजे एक पुस्तिका होती. आजी माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांतल्या, पण लावतात ते माहेरचं आडनाव इंग्रजी, आणि इतकं विरळ की गावात त्या नावाचं दुसरं घर नाही. आमच्यात आडनाव म्हटलं की कुलवृत्तांत आलाच. माहेरचा जाडजूड खंड मी सामानाच्या जादा वजनाचे पैसे भरून इथवर आणलाय. आजींचाही करू या, असं मी ठरवलं. तीन आठवडे इंटरनेट धुंडाळून त्या आडनावाची सात नामवंत माणसं काढली. एक बिशप, एक वनस्पतिशास्त्रज्ञ, एक क्रिकेटपटू, एक आरमारी कप्तान, अशी. फोटो, सनावळ्या, स्पायरल बाइंडिंग.

"वाढदिवसाला चाललोय की ऑडिटला?" निघताना नवरा म्हणाला.

केक कापून झाल्यावर मी उभी राहून एकेक पान मोठ्यानं वाचलं. तिसऱ्या पानाशी मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मला दिसलं, तरी थांबले नाही. सातही वाचली.

"बिशपची दाढी झकास आहे हं," आजी म्हणाल्या. सगळे हसले, मीही.

मग भाऊ म्हणाले, "पोरी, यांतलं आमचं कोणीच नाही. आमच्या पणजोबांचं नाव मिशनऱ्याला उच्चारता येईना. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानं आपल्या ओळखीतलं एक आडनाव देऊन टाकलं." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आणि माझी आजी कितव्या नंबरवर गं?" आजींनी विचारलं.

मी पुस्तिका मिटली. पाच वर्षं त्या शेजारी. त्यांच्या झाडाची फिजोआची फळं आमच्या फ्रीजमध्ये, आमची आमटी त्यांच्या पातेल्यात. मराठी माणूस भेटला की पाच मिनिटांत 'मूळचे कुठले?' विचारणारी मी, यांच्याबद्दल मात्र इंटरनेटला विचारत बसले होते. मधे होतं एक लाकडी कुंपण, तेही कंबरेएवढं.

निघताना भाऊंनी चकल्यांचा रिकामा डबा हातात दिला. "ये एकदा. आजीपासून मागे सतरा पिढ्यांची नावं मला पाठ आहेत. फक्त पेन आणू नकोस. आधी ऐक."

घरी येऊन मी फ्रीजवरच्या कामांच्या यादीत लिहिलं: पुढचा रविवार.

त्या रविवारी पाहुणे आले. नंतर मला तोंड दाखवायची लाज वाटू लागली. भाऊंची गाडी आजींच्या दारात दिसली की मी मागच्या बाजूला कपडे वाळत घालायला जायची. असं पावणेदोन वर्षं चाललं. २०१८च्या जुलैत, इथल्या हिवाळ्यात, भाऊ गेले.

मी भेटायला गेले तेव्हा आजींच्या कपाटात, घरच्या फोटोंशेजारी, माझी पुस्तिका उभी होती. त्यांनी ती टाकली नव्हती.

"दादाच्या सतरा नावांतली मला नऊच येतात," आजी म्हणाल्या. "मुलींना चार."

आता २०१९ संपत आलंय. फ्रीजवरच्या आजच्या यादीत ब्रेड आहे, गाडीची तपासणी आहे, दाताच्या डॉक्टरांची वेळ आहे. सगळ्यांवर बरोबरच्या खुणा. चौथी ओळ प्रत्येक नव्या कागदावर मी उतरवून घेते: आजींकडे जाऊन बसणे, पेन न नेता.