काकीसमोर ओतलेली वाइन

पलूसच्या पुढे आमची द्राक्षबाग आहे. पूर्वी खायची द्राक्षं व्हायची, आता वाइनची होतात. थोरला भाऊ वाइन करतो, वहिनी विक्री बघते आणि आलेल्या पाहुण्यांना चव द्यायचं काम माझ्याकडे. पांढरी, गुलाबी, दोन तऱ्हेच्या लाल, आणि शेवटी वेलीवर उशिरापर्यंत राखलेल्या द्राक्षांची गोड वाइन.

बागेतला निम्मा हिस्सा काकीचा. काका दारूनं गेले. तरी वाइनचा विषय निघाला तेव्हा काकीनं नाही म्हटलं नाही. तिची पोरं शिकत होती, घरात चूल एकच होती. तिनं एवढंच केलं, की पाहुण्यांच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही. छाटणीला, तोडणीला मात्र ती सगळ्यांच्या आधी बागेत असायची.

गेल्या उन्हाळ्यात शिरवळच्या एका कारखान्यातले साहेब बायकोला घेऊन आले. माणूस बोलका होता. आमची लाल वाइन त्यांना फार आवडली. ते मागत गेले, मी ओतत गेलो. पुण्यातल्या मित्रांनाही पाठवतो म्हणाले, तसा मला आणखीच हुरूप आला. त्यांची बायको मधे दोनदा हळूच म्हणाली, पुरे आता. मी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

साहेब उठायला गेले आणि खुर्चीसकट पडले. काकी तेव्हा बागेत भाकरी घेऊन निघाली होती. आवाज ऐकून ती पहिल्यांदाच त्या खोलीत आली, भाकरीची बुट्टी खाली ठेवून त्यांच्याजवळ बसली आणि त्यांना कुशीवर वळवलं. त्यांनी शिवी दिली. तिनं ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसलं. मग त्या बाईंना घरात नेऊन जेवायला वाढलं. दुपार कलल्यावर साहेबांना मागे बसवून बाईंनी स्वतःच गाडी चालवत नेली.

संध्याकाळी मी काकीला म्हणालो, ती खोली बंद करू, वाइन नुसती दुकानांना देऊ. ती लसूण सोलत होती.

"बंद कशाला करतोस? पोरांची शिक्षणं हितनंच चालल्यात," ती म्हणाली. सोललेली पाकळी ताटलीत टाकून म्हणाली, "पर ती बाई पुरे म्हनत हुती, जेवताना सांगितलं तिनं. तुला ऐकू आलं न्हाई व्हय?"

मी खाली पडलेली लसणाची टरफलं गोळा करू लागलो.

"तुज्या काकाला पाजनारी मानसं बी अशीच हसून पाजायची."

आता आम्ही जेवणाशिवाय वाइन देत नाही आणि ठरल्यापेक्षा जास्त कुणाला ओतत नाही. काकी माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते, वाढते, तब्येतीचं विचारते. तिनं राग धरला असता तर मला सोपं गेलं असतं. पाहुणे आले की हसतमुख राहावंच लागतं, धंदाच तसा. पण बाटली उचलताना माझी नजर आधी दाराकडे जाते, काकी तिथून जात नाही ना म्हणून.