नळ तुझा हाय, तू बोल

कुसुमताई गेल्याचं मला बदनापूर स्टेशनवर कळलं. लेकीकडून परतत होतो. ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ताई गावाच्या बातम्या टाकायच्या, तिथंच कुणीतरी त्यांचा फोटो टाकला होता... गाडी आली, गेली, मी बाकावरच बसून राहिलो.

आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं. कुसुमताई विहाराशेजारच्या खोलीत ब्लाउज शिवायच्या. शिक्षण सातवीपर्यंत. मुलानं आपला जुना मोबाइल दिला आणि त्यांनी पहिली बातमी केली ती अंगणवाडीच्या गळक्या छताची. मी गावच्या शाळेतला निवृत्त मास्तर, म्हणून मजकूर आधी मला दाखवायला आल्या. मी ऱ्हस्व-दीर्घ तपासले. पुढे तो रिवाजच पडला. छत दुरुस्त झालं तसा बायकांना त्यांच्या फोनचा भरवसा वाटू लागला. पण ज्याची तक्रार त्यानंच सांगायची, हा ताईंचा हट्ट. खालच्या आळीतली एक नवी सून कोरड्या नळापुढं उभी राहून म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा ना." तर ह्या म्हणाल्या, "मी न्हाई. नळ तुझा हाय, तू बोल." पोरगी घुटमळली... मग जी बोलली, ती थांबेचना.

कागदावर नळयोजना पूर्ण झाली होती. तोट्या घरोघर बसल्या होत्या, खालच्या आळीत फक्त पाणी नव्हतं. ताईंनी एकेका घराचं चित्रण केलं, ग्रामसभेत विचारायचं ठरवलं. "गुरुजी, तुम्ही नुसतं उठून म्हणा, हे खरं हाय. तुमचं ऐकत्यात लोक." मी हो म्हणालो. पण माझा पुतण्या सरपंचाच्या पॅनलमधला. घरात बोलणी झाली, आणि ग्रामसभेच्या सकाळी मी भोकरदनची एसटी धरली. काम काहीच नव्हतं. दोनदा चहा प्यालो, दुपार टळल्यावर परतलो. ताई एकट्याच बोलल्या, लोक हसले, विषय गुंडाळला गेला. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या मजकूर घेऊन आल्या. एवढंच विचारलं, "झालं का गुरुजी, भोकरदनचं काम?"

"झालं," मी म्हणालो.

पुढे ती चित्रणं पाहून तालुक्याहून माणसं आली, पाइपलाइन उकरली गेली. आळीत पाणी आलं तेव्हा ताई दवाखान्यात होत्या. बऱ्या होऊन आल्या की बोलू, असं मी मनाशी म्हणत राहिलो...

परवा त्यांच्या खोलीवर गेलो. मशीनवर चादर टाकलेली. त्यांच्या सुनेनं फोन पुढं केला, "आत्याबाईंचं हे बघितलं का, गुरुजी?" ग्रामसभेचं चित्रण होतं. त्याच खालच्या आळीच्या पोरीनं केलेलं. ग्रामसेवक म्हणतो, "चला, पुढचा विषय घ्या." ताई उभ्याच. "जरा दम धरा साहेब. आमचे गुरुजी येऊन राह्यले." कुणीतरी हसतं. ताई दाराकडं बघतात, तसा पोरीनं फोनही तिकडं वळवलाय. उंबऱ्यावर ऊन पडलेलं. बराच वेळ ते दारच दिसत राहतं, आणि त्यात कुणीच नाही.