तारेवरची राख

ओल्या फडक्यानं कपडे वाळवायची तार पुसायची, काळं झालेलं बोट माझ्यापुढे धरायचं आणि म्हणायचं, "हे पाहा आपली वीज. थू!" सरांची सकाळ अशी सुरू व्हायची.

आमची वस्ती वीज केंद्राच्या धुराड्यांखाली. बाकीचं नागपूर कपडे धुतं, आम्ही आधी तार धुतो. नाहीतर पांढऱ्या बनियनचं पोतेरं होतं. मला त्या राखेची किळस येते, वरणातसुद्धा ती असल्यासारखी वाटते. शेजारचे सर शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. या घाणीवर त्यांच्याकडे एकच औषध होतं, अणुसंमीलन.

"सूर्यात जे चालते ना, तेच भट्टीत कराचं गा. अणूले अणू जोडाचा. ना कोळसा, ना धूर, ना राख." मोबाइलवर कुठल्याशा प्रयोगाची बातमी आली की भिंतीवरून हाक यायची, "आता बंद होते पाहा हे धुराडं!"

तुम्हाला हसू येईल. आम्हाला यायचं नाही, कारण आत त्यांची बायको, आमच्या काकू, खोकत असायच्या. त्यांच्या मुलाचा फ्लॅट बेसाला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. डॉक्टर म्हणाले, यांना इथून हलवा. सर म्हणाले, "काहून? भट्टी येऊनच राहिली."

काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "सरचा सूर्य येईन तवा येईन वं. मले आत्ता श्वास पाह्यजे."

मग घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. तेही याच विजेवर चालणारं. एका दुपारी वीज गेली तेव्हा सर अंगणात धुराड्याकडे पाहून हात जोडत होते, "चालू हो रे बाबा, चालू हो." मला धुराड्याची शिसारी आली, त्या भट्टीच्या बातम्यांची आली आणि खरं सांगतो, सरांचीही आली.

हिवाळ्यात काकू गेल्या. सर मात्र रोज तार पुसत राहिले. वाळत घालायला लुगडं नव्हतं. शेवटी मुलगा त्यांना बेसाला घेऊन गेला.

परवा पुन्हा एक प्रयोग यशस्वी झाल्याची बातमी आली. राहवेना म्हणून फोन केला. "सर, तुमच्या भट्टीचं वाचलं का?"



"इथं बी रोज तार पुसतो गा. फडकं पांढरंच राहते," ते म्हणाले. "तिले इथं आणाले पाह्यजे होतं."