आत बसायला माणूस

गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला गावात सगळे डॉक्टर म्हणत. फरक एवढाच, की डॉक्टरांचा पेशंट तिसऱ्यांदा परत आला की ते दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवतात. इथे दुसरा कोण?

दूधवाल्याची जुनी पिकअप तिसऱ्यांदा दारात उभी होती. स्टिअरिंगचं चाक फिरवलं की गाडी थोडा विचार करून मग वळायची. मिस्त्रीने आधी टायरजवळचे सांधे बदलले, मग स्टिअरिंगचा बॉक्स कसला. गाडी तशीच.

"मिस्त्री, सगळं बदलून झालं. आता मलाच बदला," दूधवाला म्हणाला. "पहाटे उतारावर पन्नास कॅन असतात मागे."

मिस्त्री गाडीखाली सरकला आणि सवयीने ओरडला, "डावीकडे!"

वर काहीच हललं नाही. बायको मुलीकडे बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी गेली, त्याला आता दोन वर्षं झाली होती. त्याआधी वीस वर्षं 'डावीकडे, पुरे, उजवीकडे' तिनेच ऐकलं होतं. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण गावातल्या कुठल्याही ड्रायव्हरपेक्षा जास्त गाड्यांच्या स्टिअरिंगवर ती बसली होती, मांडीवर निवडायची भाजी घेऊन.

ती गेल्यापासून तो खिडकीतून एका हाताने चाक हलवायचा आणि खाली येऊन अंदाज बांधायचा. गिऱ्हाइकाला 'जरा आत बस' म्हणायला जीभ रेटत नव्हती.

आज मात्र तो खालूनच दूधवाल्याला म्हणाला, "बस रे आत. सावकाश फिरव."

स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या जॉइंटवर त्याने तळवा ठेवला. वरचा भाग फिरला. खालचा क्षणभर थबकला, मग टक् करून निघाला. दाते झिजून गुळगुळीत झाले होते. अजून चार-दोन फेऱ्या, आणि चाक हातात, गाडी दरीत.

बाहेर आल्यावर मिस्त्रीने सगळ्यात आधी चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली. "आज गाडी नाही हलायची. चूक माझी. दोनदा."

दूधवाला म्हणाला, "पण सापडलं ना?"

संध्याकाळी मिस्त्रीने बायकोला फोन लावला.

"अहो, जेवलात का?"

"खालचा जॉइंट होता. दोनदा चुकलो."

"त्या दोन्ही वेळेला आत कोण बसलं होतं?"

"कोणी नाही."

तिच्या मागे नातू रडत होता. "पुढच्या महिन्यात बघते हं," म्हणाली. हे 'बघते' मिस्त्री बऱ्याच महिन्यांपासून ऐकत होता.

सकाळी त्याने शटरवर खडूने लिहिलं: स्टिअरिंगची तक्रार असल्यास एक माणूस सोबत आणणे.